पार्टी किती वाजता ठेवायची?

महिला दिनाचा कार्यक्रम ठरवायला परवा आम्ही ऑफिसातल्या सात-आठ जणी जेवणाच्या सुट्टीत बसलो होतो. दुपारी चारला कार्यक्रम, नंतर बटाटेवडा, एक गोड पदार्थ आणि चहा, इथपर्यंत गाडी आली. यादी लिहिणारी मुलगी नव्यानेच रुजू झालेली. ‘बटाटेवडा’ लिहिता लिहिता तिचं माझ्याकडे लक्ष गेलं आणि पेन थांबलं.

“अगबाई, मॅडम, तुमचा रोजा असेल ना! मग ईद झाल्यावर ठेवू या का?”

मी म्हटलं, “महिला दिन आठ मार्चलाच येतो गं. तो काही चंद्र बघून ठरत नाही.” सगळ्या हसल्या. वडे कायम राहिले. पण तिचं ते थांबलेलं पेन मला आवडलं. कारण पेन न थांबण्याचेही दिवस मी पाहिले आहेत.

2004 साली दिवाळी आणि ईद अवघ्या दोन-तीन दिवसांच्या अंतराने आल्या होत्या. तेव्हाच्या आमच्या ऑफिसात दिवाळीच्या सुट्टीआधी फराळाचा कार्यक्रम झाला. तो रमजानचा शेवटचा आठवडा. आम्हा दोघांना, म्हणजे मला आणि आमच्या ड्रायव्हर चाचांना, कुणी सांगितलंच नाही. मी फाईल घेऊन वरच्या मजल्यावर गेले, तर सगळा स्टाफ चिवड्याच्या ताटल्या घेऊन उभा. एकदम शांतता पसरली. “तुम्हाला वाईट वाटायला नको म्हणून नाही बोलावलं,” असं एकाने सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. पण मी जिना उतरले तो जिना मला आजही आठवतो. संध्याकाळी चाचांच्या गाडीत डॅशबोर्डवर फराळाचं एक पाकीट ठेवलेलं दिसलं. चाचा म्हणाले, “अशी पाकिटं खूप झाली बेटी. घरी जाईपर्यंत शेव मऊ पडते.”

त्यानंतर पंधरा वर्षांनी चाचांच्याच निरोपाचा कार्यक्रम ठरवायची वेळ माझ्यावर आली.

तारीख 31 मे 2019. सरकारी नोकरीतल्यांना 31 मेचं महत्त्व सांगायला नको. पूर्वी खेड्यापाड्यांत जन्मतारीख कोण लिहून ठेवत होतं? शाळेत नाव घालायला आलेल्या पोराची 1 जून तारीख टाकून हेडमास्तर मोकळे व्हायचे. त्यामुळे 58 भरली की 31 मेला घाऊक निवृत्ती. त्या वर्षी आमचे तिघे एकदम निघाले: अव्वल कारकून भाऊसाहेब, आस्थापनेच्या ताई आणि चाचा. तिघांचीही कागदावरची जन्मतारीख 1 जून 1961.

दिवस शुक्रवार, त्यातही रमजानचा शेवटचा शुक्रवार. त्याला जुमातुल विदा म्हणतात, म्हणजे निरोपाचा शुक्रवार. चाचा 1986 मध्ये नोकरीला लागले, त्या वर्षीही रमजान मे महिन्यातच होता. आमचा महिना दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि साधारण 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून मूळ जागी येतो. चाचांची नोकरी नेमकी एवढी एक फेरी झाली. सुरुवातही मेमधल्या रोजांनी, शेवटही मेमधल्या रोजांनी. आमच्या मिरजेत मे अखेरीला पहाटे साडेचारच्या सुमारास सहर संपते आणि सूर्य सातला मावळतो. साडेचौदा तास, तेही पाण्याच्या घोटाशिवाय. (“पाणीसुद्धा नाही?” हा प्रश्न मला नोकरीत किती वेळा विचारला गेला याची नोंद ठेवली असती तर एक रजिस्टर भरलं असतं.)

पार्टीच्या कमिटीत आम्ही तिघं. वर्गणी जमली, पण वेळ जमेना. एकाने सुचवलं, ईदनंतर ठेवू. पण निवृत्तीचा दिवस म्हणजे निवृत्तीचाच दिवस. दुसऱ्या दिवशी माणूस ऑफिसात पाहुणा म्हणून येतो. मग ठरलं, सांगली रोडला एक हॉल घेऊन रात्री साडेसातला जेवण ठेवू, चाचांचा रोजा तिथेच सुटेल. आपण किती समजूतदार आहोत, या आनंदात बैठक संपत होती. मग मीच तोंड उघडलं. निम्मा स्टाफ एसटीने गावाकडून येणारा. साडेसातला जेवण म्हणजे त्यांची शेवटची गाडी गेली. आणि माझ्या घरी सासूबाई आणि दोन मुलं रोजाला, सात वाजता मी भज्यांच्या कढईपाशी असते. माझ्या सोयीसाठी ठरवलेल्या वेळेला मलाच येता येणार नव्हतं. मग कुणीतरी म्हणालं, “चाचांना पाकीट बांधून देऊ.”

चाचांना अजून कुणी विचारलंच नव्हतं.

मी खाली गेले. चाचा बोलेरो पुसत होते. म्हणाले, “भाषणं लवकर उरका. तुम्ही सगळे पोटभर खा. मला सातच्या आत घरी पोचवा. पाकीट नको.” मग फडकं पिळता पिळता त्यांनी विचारलं, “पण गाडी कोण चालवणार?”

निवृत्त होणाऱ्याला शेवटच्या दिवशी ऑफिसच्या गाडीने घरी सोडायची आमच्याकडे पद्धत. 33 वर्षं ते काम चाचांनी केलं. साहेब असो की शिपाई, हार घातलेला माणूस आणि नारळाची पिशवी त्यांनी घरापर्यंत नेली. चाचांना कोण नेणार, हे आमच्या यादीत नव्हतंच.

इथे थोडं थांबून सांगते, कारण यंदाही बऱ्याच ऑफिसांत अशा बैठका चालू असतील. तुम्ही समोर खाल्लं तर आमचा रोजा बाटत नाही. तेव्हा खुशाल खा, फक्त आम्हाला बोलवा. कार्यक्रम संध्याकाळचाच असेल तर मशिदीत किंवा दुकानात सहर-इफ्तारच्या वेळांचं कार्ड मिळतं, ते बघा आणि त्या वेळेच्या पाच मिनिटं आधी भाषण थांबवा. मिनिटामिनिटाचा हिशेब असतो हो आमचा. दोन खजूर, पाणी आणि नमाजला दहा मिनिटांपुरती एक स्वच्छ खोली, एवढं पुरतं. फळांचे डोंगर रचून, टोप्या घालून फोटो काढायची जी इफ्तार पार्टी पुढाऱ्यांनी प्रसिद्ध केली आहे, ती मला स्वतःला रुचत नाही. आणि एक विनंती, विशेषतः बायकांच्या वतीने. एखादी मुसलमान सहकारी रमजानात चहा पिताना दिसली तर “का गं, आज रोजा नाही?” असं चारचौघांत विचारू नका. आजारपण, प्रवास, गरोदरपण, पाळी अशी कितीतरी कारणं असतात. सगळीच पुरुषांसमोर सांगण्यासारखी नसतात. पुढची सोय आत्ताच सांगून ठेवते: 2030 साली जानेवारीत एक रमजान सुरू होईल आणि डिसेंबरच्या शेवटी दुसरा. म्हणजे 31 डिसेंबरच्या पार्ट्यांची वेळ ठरवायला भरपूर अवधी आहे.

तर 31 मेला साडेचारला कार्यक्रम सुरू झाला. शाल, श्रीफळ, भाषणं. भाऊसाहेब बोलता बोलता रडले. खायला समोसा-चिंचेची चटणी, दहीवडा आणि पेढा. चाचा हार घालून मधल्या खुर्चीत बसले होते. शेजारी आमचे साहेब संकोचून ताटली टेबलाखाली मांडीवर धरून खात होते. चाचा हळूच म्हणाले, “साहेब, वर घ्या. दही पँटवर सांडेल.” सगळे हसले, आणि मग कुणाचीच ताटली लपली नाही.

फक्त ताईंच्या ताटलीत एकटा पेढा होता. त्यांचा संतोषी मातेचा शुक्रवार, आंबट वर्ज्य. दही, चिंच, सगळं आंबटच. इतकी वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसूनही मेनू ठरवताना मला ते सुचलं नाही. आपल्याला कोण विसरलं याचा हिशेब मी 2004 पासून पाठ ठेवला होता.

सव्वासहाला गाडी काढली. लायसन असलेला ज्युनिअर क्लार्क स्टिअरिंगवर, चाचा पुढे डावीकडे साहेबांच्या जागेवर. मी घरी फोन करून मोठ्या मुलाला भज्यांचं पीठ भिजवायला सांगितलं होतं. ताई आणि भाऊसाहेब म्हणाले, आधी चाचांना सोडू, आम्हाला मागाहून सोडा. चाचांनी वाटेत त्या पोराला चार वेळा गिअर बदलायला लावला, एकदा हॉर्न कमी वाजव म्हणाले.

गल्लीत पोचलो तेव्हा सातला दहा कमी होते. चाचींनी दारातच थांबवलं, आता असं कसं जाता. सतरंजीवर खजूर, कलिंगड, भजी, सरबत आणि कांदा-लिंबू घातलेले उकडलेले हरभरे मांडले होते. अजान झाली. चाचांनी खजूर तोंडात टाकला, भाऊसाहेबांनीही टाकला.

ताई संकोचून मागे बसल्या होत्या. चाचींनी आतून एक वाटी आणून त्यांच्यापुढे ठेवली. “हे नुसते, मिठातले. ह्यांनी सकाळीच सांगितलं होतं, आज शुक्रवार, ताई आल्या तर त्यांच्या हरभऱ्यांत लिंबू पिळू नको.”

ताईंनी चाचांकडे बघितलं. चाचा पाणी पीत होते.