खरें उत्तर कसें मिळेल?



दिंडोरी तालुक्यांत मीं पुष्कळ वर्षें मास्तरकी केली. महाराष्ट्रांत २०१२ सालीं गुटख्यावर बंदी आली, त्यानंतरची ही गोष्ट. एके दिवशीं वर्गांत मीं सरळ प्रश्न टाकला, “तंबाखू किंवा गुटखा खाणारा कोणी आहे काय? हात वर करा.” एकहि हात वर झाला नाहीं. मी संतोषानें घरीं गेलों. त्याच आठवड्यांत शाळेमागील भिंतीवर लाल पिचकाऱ्या आणि खालीं रिकाम्या पुड्या दिसल्या. मग मीं एक पेटी ठेविली आणि नांव न घालतां चिठ्ठी लिहावयास सांगितलें. सर्व चिठ्ठ्या पुन्हा नकाराच्याच! शेवटीं एक धीट मुलगा म्हणाला, “गुरुजी, आमचें अक्षर तुम्ही ओळखतां.”

पोराचें म्हणणें खरें होतें. मुलें खोटें बोललीं हें जितकें खरें, तितकेंच माझें विचारणें चुकलें हेंहि खरें. व्यसन, मारामारी, लग्नापूर्वींचे शरीरसंबंध अशा नाजूक गोष्टींची पाहणी करणाऱ्या संशोधकांपुढें हाच प्रश्न उभा असतो. त्यांनीं शोधलेल्या रीति आज थोडक्यांत पाहूं.

पहिली रीत समोरासमोरच्या मुलाखतीची. जो वाचूं शकत नाहीं त्यालाहि ती चालते, आणि न समजलेला प्रश्न उलगडून सांगतां येतो. पण समोर माणूस बसलेला असतो, कधीं दाराआड आईहि उभी असते. मग जीभ आवरली जाते.

दुसरी रीत, उत्तरें स्वतःच कागदावर भरण्याची. १३ ते १५ वर्षांच्या शाळकरी मुलांमधील तंबाखूची जागतिक पाहणी याच रीतीनें होते. कागदावर मुलाचें नांव नसतें. आपल्या देशांत २०१९ सालीं ती मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनें केली, आणि शेंकडा ८.५ मुलें त्या काळांत तंबाखूचें सेवन करीत असल्याचें आढळलें. अर्थात् ही रीत वाचतां येणाऱ्यांपुरतीच.

तिसरी रीत यंत्राची. कानाला श्रवणयंत्र लावून तरुण संगणकावरील प्रश्न ऐकतो आणि कळ दाबून उत्तर देतो. शेजारच्यास प्रश्न ऐकूं जात नाहीं, उत्तरहि कळत नाहीं. पोतदार आणि कोएनिग या संशोधकांनीं पुण्यांतील तरुणांवर हिची परीक्षा घेतली. ती २००५ सालीं प्रसिद्ध झाली. कोणास कोणत्या रीतीनें विचारावयाचें हें त्यांनीं दैवगतीवर सोंपविलें, म्हणजे उत्तरांत फरक पडला तर तो रीतीचा म्हणतां यावा. कॉलेजच्या विद्यार्थ्यांनीं यंत्रापाशीं अधिक मोकळेपणानें सांगितलें. झोपडवस्तींतील तरुणांत मात्र यंत्राचा असा स्पष्ट वरचढपणा दिसला नाहीं. एकाला सोयीची रीत दुसऱ्याला सोयीची असेलच असें नाहीं, हा त्यांतील धडा.

चौथी रीत बंद पाकिटाची. २००६-०७ सालीं याच संस्थेनें पॉप्युलेशन कौन्सिलसह महाराष्ट्र धरून सहा राज्यांतील पन्नास हजारांहून अधिक तरुण-तरुणींची पाहणी केली. मुलाखत संपल्यावर शरीरसंबंधाविषयींच्या प्रश्नाचें उत्तर कोऱ्या कार्डावर नुसत्या खुणेनें द्यावयाचें, आणि कार्ड पाकिटांत घालून तें चिकटवून परत करावयाचें. तें पाकीट गांवांत उघडलें जाणार नाहीं, असें आश्वासन असे. खुणेला अक्षर नसतें. माझ्या पेटींत हीच गोष्ट राहून गेली होती!

पांचवी रीत मोठी गमतीची आहे. तिचें मूळ स्टॅन्ली वॉर्नर यांनीं १९६५ सालीं मांडलें. तिचें एक सोपें रूप सांगतों. प्रत्येकानें आडोशाला जाऊन नाणें उडवावें. छाप पडला तर डोळे मिटून “होय” म्हणावें. कांटा पडला तर खरें उत्तर द्यावें. समजा, दोनशें तरुणांपैकीं एकशें तीस “होय” म्हणाले. छाप अदमासें शंभरांना पडला असेल. उरलेल्या शंभरांत खरे “होय” तीस, म्हणजे शेंकडा तीस. समूहाचें सत्य कळलें. परंतु कोणा एकाचें गुपित विचारणाऱ्यालाहि कळलें नाहीं. मात्र खेळ नीट समजला नाहीं तर हिशेब फसतो, आणि बिनचूक अंदाजाला माणसेंहि पुष्कळ लागतात.

मग श्रेष्ठ रीत कोणती? मोठा आंकडा तेवढा खरा असेंहि समजूं नये; कांहीं पोरें मित्रांसमोर फुशारकीनेंहि “होय” म्हणतात. वय, शिक्षण आणि एकांत पाहूनच रीत निवडावी लागते. पण खोट्या शून्याची किंमत सर्वांत जड. जेथें कागदावर शून्य असतें, तेथें समजावणारा डॉक्टर येत नाहीं आणि व्यसन सोडविणाराहि येत नाहीं.

पुढें मीं छापील कागद आणला, फक्त खूण करावयास सांगितली, आणि पाकिटें दुसऱ्या गांवच्या शिक्षकाकडून उघडविलीं. या खेपेस “होय” पुढील खुणा ओंजळभर निघाल्या. एकहि नांव मला कळलें नाहीं, आणि कळावयास नकोच होतें. वर्गाला काय शिकवावयास हवें, तें मात्र कळलें.

आईबापांना एवढीच विनंति. मुलानें खरें सांगितल्याबरोबर त्याच्या गालावर हात पडला, तर पुढच्या वेळीं कोणतें उत्तर द्यावयाचें हें तो तेथेंच शिकतो. खरें ऐकावयाचें असेल, तर प्रथम खरें बोलण्याचें भय काढून टाकावें.