बंदरावरील घोडे

मुंबईच्या दक्षिणेस, अपोलो बंदराच्या धक्क्यावर, पिवळसर दगडाची एक उंच कमान समुद्राच्या काठाशी उभी आहे. १९११ साली इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज या बंदरावर उतरला. त्या प्रसंगाचे स्मारक म्हणून जॉर्ज विटेट या स्थापत्यविशारदाच्या आराखड्यानुसार ती बांधण्यात आली व १९२४ साली खुली झाली. हीच गेटवे ऑफ इंडिया होय. पुढे फेब्रुवारी १९४८ मध्ये इंग्रजी सैन्याची अखेरची तुकडी याच कमानीतून निघून गेली. राजाच्या आगमनाचे द्वार त्याच्या फौजेच्या निरोपासाठी उपयोगी पडावे, हा काळाचा महिमाच म्हटला पाहिजे.

कमानीजवळ पूर्वी याच राजाचा पुतळा होता. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि २६ जानेवारी १९६१ रोजी तेथे शिवछत्रपतींच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण झाले. शिल्पकार एन. जी. पानसरे यांची ही कृती.

अश्वारूढ पुतळा घडविणे हे मोठ्या कौशल्याचे काम होय. घोडा व स्वार यांचे सारे वजन बारीक पायांवर तोलावे लागते. पुतळा भरीव केला, तर ते पाय टिकावयाचे नाहीत. म्हणून तो आतून पोकळ ठेवतात. जुन्या पद्धतीप्रमाणे प्रथम मातीचा नमुना करून त्यावरून साचा काढतात. साच्याच्या आतल्या अंगास मेणाचा पातळ थर देतात व मधली पोकळी भरून घेतात. साचा तापविला की मेण वितळून वाहून जाते आणि त्याच्या रिकाम्या जागी ब्राँझचा, म्हणजे तांबे व कथील यांच्या मिश्रणाचा, तप्त रस ओततात. मोठा पुतळा असा भागाभागांनी ओतून मग जोडतात.

हवेमुळे ब्राँझवर हळूहळू काळपट, पुढे हिरवट थर चढतो. हा थर धातूचे रक्षणच करतो. परंतु समुद्राच्या वाऱ्यातील मीठ त्यात शिरले, तर धातू पोखरला जातो. म्हणून किनाऱ्यावरील पुतळे गोड्या पाण्याने धुऊन त्यांना मेणाचा हात द्यावा लागतो.

ब्राँझच्या अशाच एका काळ्या घोड्याने जवळच्या चौकाला आपले नाव दिले. बंदरापासून थोडे चालले की तो चौक लागतो. १८७५ साली इंग्लंडचे युवराज, म्हणजे पुढे राजे झालेले सातवे एडवर्ड, मुंबईस आले होते. त्या भेटीच्या स्मरणार्थ आल्बर्ट ससून या धनिक व्यापाऱ्याने बोएम या शिल्पकाराकडून त्यांचा अश्वारूढ पुतळा करवून घेतला. १८७९ साली तो या चौकात उभा राहिला. मुंबईकरांच्या नजरेत भरला तो मात्र घोडा. गाडीवानापासून वकिलापर्यंत सर्वजण त्या जागेला ‘काळा घोडा’ म्हणू लागले आणि एवढ्या थाटाने बसविलेला स्वार लोकांच्या बोलण्यातून केव्हाच उतरला!

१९६५ साली हा पुतळा भायखळ्याच्या राणीच्या बागेत, म्हणजे जिजामाता उद्यानात, हलविण्यात आला. राज्य गेले म्हणून चांगली शिल्पकृती मोडून टाकण्याचे कारण नव्हते. घारापुरीचा प्राचीन दगडी हत्तीही याच परिसरात आहे. १८६४ साली इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना यारीची साखळी तुटून त्याचे तुकडे झाले होते. ते पुढे १९१४ साली पुन्हा जोडण्यात आले.

चौकातून घोडा गेला. नाव गेले नाही. बावन्न वर्षे लोक तेथे नसलेल्या घोड्याच्या नावाने पत्ता सांगत राहिले. अखेर २०१७ साली शिल्पकार श्रीहरी भोसले यांनी घडविलेला नवा काळा घोडा तेथे आला. त्याच्या पाठीवर कोणीही स्वार नाही. राणीच्या बागेतील जुन्या घोड्यावर मात्र युवराज अजून बसलेले आहेत.