घेऱ्यातली झाडी

पुण्या-मुंबईची, कुत्र्यांना घेऊन भटकणारी मंडळी अलीकडे लोहगडाच्या वाटेला लागली आहेत. मळवलीला उतरून भाज्यावरून गायमुख खिंड गाठायची. डावीकडे विसापूर, उजवीकडे लोहगड आणि पायथ्याला लोहगडवाडी. माणसं बुरुजांकडे वळतात. कुत्रं मात्र नाक जमिनीला लावून झाडीत शिरू बघतं. जांभूळ, अंजनी, हिरडा, खाली कारवीची दाटी. मालक हौसेने पट्टा सोडतो. डोंगरउतारावरच्या अशा झाडीचा एके काळी काय बंदोबस्त असे, हे त्याला ठाऊक असतं तर तो थबकला असता.

तो बंदोबस्त वाचायला मिळतो रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त. यातला झाडांविषयीचा मजकूर सगळ्यांच्या ओळखीचा आहे. आंबा-फणस आरमाराच्या कामाचे खरे, पण ते वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने लेकरांसारखे वाढवलेले असतात. म्हणून त्यांना हात लावू नये, लागलंच तर जीर्ण झाड धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावं, असा त्याचा आशय. हा मजकूर शिवाजी महाराजांचं पत्र म्हणून सर्रास फिरवला जातो. प्रत्यक्षात तो १७१५च्या सुमाराचा, कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या कारकिर्दीतला. अमात्यांनी महाराजांचा कारभार जवळून पाहिला होता आणि तोच अनुभव पुढच्या पिढीसाठी लिहून ठेवला. खरा लेखक सांगितल्याने महाराजांचं मोठेपण कमी होत नाही. अमात्यांना मात्र त्यांचं श्रेय मिळतं.

या प्रसिद्ध भागाच्या छायेत दुर्गांचं प्रकरण झाकलं गेलं, आणि लोहगडवाडीत उभं राहून वाचावं ते हेच. गडाची राखण नुसत्या तटाने होत नाही, ती उतारावरच्या झाडीने होते, असं अमात्य बजावतात. ती झाडी मुद्दाम वाढवावी, तिच्यातली एक काठीसुद्धा तोडू देऊ नये, प्रसंग पडला तर तिच्यातच बंदूकवाले दबा धरून बसवावेत. गडावर येण्याची वाट सोपी असेल तर ती मोडून तिच्यावर रान वाढवावं. गडाच्या माथ्यावरही आंबा, फणस, वड, पिंपळ लावावेत, म्हणजे अडीअडचणीला निदान लाकूड तरी हाताशी राहील. म्हणजे झाडी हासुद्धा तटबंदीचाच एक भाग. आज नेमक्या त्याच उतारावरून गाडी थेट लोहगडवाडीपर्यंत जाते.

मार्च १८१८मध्ये विसापूर आणि पाठोपाठ लोहगड इंग्रजांच्या हाती गेला आणि गडाभोवतीच्या घेऱ्याची राखण संपली. १८५८मध्ये पुणे-खंडाळा रेल्वे सुरू झाली. पुढच्या काळात लाकूड आणि कोळशाच्या व्यापाराने सह्याद्रीच्या या पट्ट्यातले कितीतरी डोंगर बोडके केले.

तरीही मधूनमधून काही तुकडे टिकले, ते देवाच्या धाकाने. १९७०च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ या दोघांनी राज्यातल्या देवराया पायाखाली घातल्या. गाडगीळांचं नाव पुढे घरोघरी गेलं. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत वनस्पती ओळखण्यात हयात घालवलेल्या वर्तकांचं नाव मात्र अभ्यासकांपुरतंच राहिलं, ही हळहळ वाटावी अशीच गोष्ट. श्रीवर्धनजवळच्या गाणी गावाने आपली राई तोडीतून वाचवण्यासाठी या दोघांना साकडं घातलं. गावकऱ्यांचं म्हणणं साधं होतं: गावचा ओढा या राईमुळे वाहतो. दामोदर कोसंबींनी १९६२च्या ‘मिथ अँड रिॲलिटी’त मावळातली देवस्थानं पायी धुंडाळून त्यांची मुळं फार जुन्या काळात शोधली होती. देवरायाही शेतीपूर्व काळाइतक्या जुन्या असाव्यात, हा त्यांचाच तर्क वर्तक-गाडगीळांनी पुढे नेला.

सह्याद्रीतल्या कित्येक राया भैरोबाच्या, आणि कुत्रं तर भैरवाचं वाहन. तेव्हा त्याला इथे परकं कोण म्हणेल? अडचण वेगळी आहे. बिबट्याला कुत्रं आवडतं. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांची विष्ठा तपासली, तेव्हा त्यांच्या खाण्यात वजनाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. उलट बाजूही तितकीच गंभीर. चंद्रिमा होम, यशवीर भटनागर आणि अबी वनक यांनी २०१८मध्ये देशभरातल्या नोंदी गोळा केल्या. कुत्र्यांनी हल्ला केलेल्या वन्यजीवांच्या ८० जाती निघाल्या, त्यातल्या ३१ धोक्यात आलेल्या. पाळीव कुत्रं भुकेलेलं नसतं हे खरं. पण जमिनीवर अंडी घालणाऱ्या पाखराला उठवायला भूक लागत नाही, एक झेप पुरते.

११ जुलै २०२५ रोजी पॅरिसच्या बैठकीत लोहगडासह १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं. मराठ्यांनी डोंगर, कडे आणि रान यांचा संरक्षणासाठी केलेला उपयोग हा त्या मानांकनाचा गाभा. मग दरवाजे आणि पायऱ्या दुरुस्त करणाऱ्या आराखड्यात घेऱ्यातली झाडीही आली पाहिजे: जुनी झाडं कुठे आहेत, वणवा कुठून शिरतो, नव्या पायवाटा कुठे फुटताहेत, राई कुणाच्या नावाची आहे. हे लोहगडवाडीच्या जुन्या माणसांना विचारून नकाशावर उतरवावं. कुत्र्याला घेऊन येणाऱ्यांनी त्या नकाशाची वाट पाहत बसण्याचं कारण नाही. वाडीत गाडी लावली की पट्टा अडकवावा, मळलेली वाट सोडू नये, दिवस मावळायच्या आत खाली यावं आणि कुत्रं परत गाडीत बसेपर्यंत पट्टा हातातून सोडू नये.