पातं आधी स्क्रीनवर!
पवनचक्कीचं ५०-६० मीटरचं पातं बनतं कसं? साच्यात काचतंतूंच्या कोरड्या कापडाचे थर रचायचे, वर प्लास्टिक लावून हवाबंद करायचं, पंपाने हवा खेचायची आणि नळीतून रेझिन सोडायचं. मग शर्यत सुरू! घट्ट व्हायच्या आत रेझिन कानाकोपऱ्यात पोहोचलंच पाहिजे. हवा अडकून एखादा भाग कोरडा राहिला, तर पातं तिथे कमकुवत. म्हणून इंजिनीअर हा प्रवाह आधी कम्प्युटरवर सोडून बघतात. कापड किती झिरपू देतं, रेझिन किती दाट, दाबातला फरक किती, यावरून नळ्यांच्या जागा ठरतात. यामागचं सूत्र मात्र १८५६चं! फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या पाण्यासाठी झटणाऱ्या हेन्री डार्सीने वाळूतून झिरपणारं पाणी मोजून ते मांडलं. तेव्हा मंडळी, डार्सीचा नियम ऑप्शनला टाकू नका!