ताटातून होणारी ओळख

चिंचेचा कोळ, ताडगूळ, वरून शेंगदाण्याचा कूट. पदार्थ म्हणजे तांदळाच्या शेवयांचा 'पॅड थाई'. परदेशातल्या कितीतरी लोकांची थायलंडशी पहिली भेट झाली ती याच ताटात.

ही भेट जुळवून आणण्यात तिथल्या सरकारचा मोठा हात होता. २००२ मध्ये थायलंडने 'ग्लोबल थाई' मोहीम हाती घेतली. तेव्हा जगभरात सुमारे साडेपाच हजार थाई रेस्टॉरंटं होती. ती आठ हजारांवर न्यायची, असं ठरलं. त्यासाठी आचाऱ्यांना प्रशिक्षण आणि परदेशात हॉटेल काढू पाहणाऱ्यांना कर्ज मिळू लागलं. अस्सल चवीच्या रेस्टॉरंटांना वाणिज्य मंत्रालय 'थाई सिलेक्ट' हे मानचिन्ह देतं. जेवणाची गोडी लागलेला माणूस पर्यटक म्हणून येईल, गवती चहा, फिश सॉस, तांदूळ विकत घेईल, हा त्यामागचा हिशेब.

दुसऱ्या देशाच्या सरकारशी नव्हे, थेट तिथल्या सामान्य माणसाशी नातं जोडायचं, याला लोकराजनय म्हणतात. जाहिरातीतलं गुणगान माणूस विसरतो, जिभेवरची चव विसरत नाही. म्हणून जेवणातून जाणारी ही वाट फार मोलाची वाटते.

गंमत म्हणजे पॅड थाई काही प्राचीन पदार्थ नव्हे. पंतप्रधान फिबून यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास राष्ट्रीय अस्मिता घडवण्यासाठी शेवयांच्या पदार्थांचा देशभर प्रचार केला, त्यातून तो घरोघरी पोहोचला. आधी स्वतःच्या माणसांना आपलासा वाटला, मग साठेक वर्षांनी जगासमोर मांडला गेला.