संकटसमयीं आपलें कर्तव्य

१४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजास आग लागली. त्यांत कापसाच्या गाठी व सुमारें १,४०० टन दारूगोळा भरलेला होता. चार वाजण्याच्या सुमारास भयंकर स्फोट होऊन आग विझवावयास गेलेले अग्निशामक दलाचे ६६ जवान प्राणांस मुकले. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस आजहि देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात.

असे शूर लोक आपल्यासाठीं जीव धोक्यांत घालतात. आपण मात्र त्यांस साह्य करतों कीं अडथळा? येथें आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं शेजारच्या गल्लींत एका घरास आग लागली, तेव्हां इतरांप्रमाणें आम्हीहि पाहावयास धांवलों. बंब आला, परंतु माणसांनीं व गाड्यांनीं गल्ली भरून गेली होती. वाट मोकळी होईपर्यंत उशीर झाला. घरांतील आजीबाई वांचल्या. त्यांचा संसार मात्र राखेस मिळाला. आमचा हेतु वाईट नव्हता. आमचें तेथें उभें राहणेंच वाईट होतें.

म्हणून पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. प्रथम ११२ या क्रमांकावर दूरध्वनि करावा. महाराष्ट्रांत रुग्णवाहिकेसाठीं १०८ हा क्रमांकहि आहे. आधीं ठिकाण सांगावें, कारण बोलणें मध्येंच तुटलें तरी मदत निघूं शकते. मग काय घडलें, किती जखमी आहेत, आणि जवळ गॅसची टाकी किंवा रसायनें आहेत काय, हें सांगावें. पलीकडून सांगितल्यावांचून दूरध्वनि ठेवूं नये. एकानें वळणावर उभें राहून बंबास वाट दाखवावी; इतरांनीं रस्ता मोकळा करावा. धुरांत शिरूं नये. आंत कोण व कोणत्या खोलींत आहे, तें जवानांस सांगावें. पेटलेल्या तेलावर पाणी ओतूं नये. भाजलेल्या जागेवर हळद किंवा दंतमंजन न लावतां वीस मिनिटें थंड वाहतें पाणी सोडावें. रक्त वाहत असल्यास स्वच्छ कापडानें जखम घट्ट दाबून धरावी.

पुष्कळ लोक पोलिसांच्या चौकशीच्या भीतीनें अपघातग्रस्तास हात लावीत नाहींत. परंतु २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्यानें सद्भावनेनें मदत करणाऱ्यास संरक्षण दिलें आहे. आपलें नांव सांगण्याचीहि त्याजवर सक्ती नाहीं. कायद्यांत अशा मनुष्यास ‘गुड समॅरिटन’ म्हटलें आहे. वाटेंत पडलेल्या परक्या जखमी माणसाजवळ थांबणारा शुभवर्तमानांतील तो दयाळू शोमरोनी आमच्या वाचकांच्या परिचयाचा आहेच.

विद्यार्थिमित्रांनो, आज घरीं गेल्यावर एवढें करा: आपल्या घराचा पूर्ण पत्ता व जवळची ठळक खूण वडील माणसांपुढें तोंडपाठ म्हणून दाखवा. ज्यास आपलें ठिकाण सांगतां येतें, त्यानें मदतीचें पहिलें पाऊल टाकलेंच म्हणून समजावें.