मोडेम आणि संगणक यांचा करार

कामगार चळवळीत वावरणाऱ्या आम्ही यंत्रांच्या संभाषणावर बोलावे, याचे कामोठ्यातील काहींना नवल वाटेल. पण आपल्या गावातून रोज शेकडो माणसे तळोजे औद्योगिक वसाहतीत पाळीवर जातात. यंत्रे एकमेकांशी नीट बोलली नाहीत, तर ठपका त्यांच्यावर येतो.

15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमाने आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. तेव्हा घरोघरी ज्ञात झालेला मोडेम हा दुभाषी होय. तो संगणकाचे अंक टेलिफोनच्या तारेवर चालतील अशा ध्वनीत बदलतो. पलीकडचा मोडेम त्या ध्वनीचे पुन्हा अंक करतो. पण संगणक व मोडेम यांच्यातील हातभर केबलीचे काय? तिच्यासाठी 1960 साली अमेरिकेत ‘आरएस-232’ हा नियम ठरला.

या केबलीत अक्षराचे बिट एकाच तारेतून, रेशनच्या रांगेप्रमाणे, एकामागून एक जातात. आठ बिटांचे अक्षर, आरंभाचा एक व समाप्तीचा एक, असे दहा बिट झाले. सेकंदाला 9600 बिट हा वेग धरला, तर 960 अक्षरे जातात. दोन्ही बाजूंनी एकच वेग ठरविलेला नसेल, तर नुसता गोंधळ उमटतो.

याखेरीज संमतीच्या तारा असतात. पंचवीस पिनांच्या जोडणीत चौथ्या पिनेवरून संगणक विचारतो, ‘पाठवू का?’ पाचवीवरून मोडेम म्हणतो, ‘पाठव.’ संगणक 19200 वेगाने माहिती देतो आणि टेलिफोनवरून ती 9600 नेच पुढे जाते, तेव्हा उरलेली मोडेमच्या लहानशा स्मृतीत साठते. ती भरत आली की मोडेम संमती काढून घेतो. संगणक थांबला नाही, तर भरलेल्या घागरीवर नळ चालू ठेवल्याप्रमाणे अक्षरे सांडतात.

1998 च्या सुमारास एका कारखान्यात नेमके हेच घडले. रात्रपाळीचा ऑपरेटर उत्पादनाचे तक्ते मोडेमवरून मुख्य कचेरीस धाडी. लहान तक्ते पोहोचत; लांब तक्त्यांतील मधले आकडे गळत. त्याच्यावर नोंदी दडविल्याचे आरोपपत्र आले आणि तो निलंबित झाला. चौकशीत आम्ही केबल उघडून पाहण्याची मागणी केली. आत तीनच तारा निघाल्या: पाठविण्याची, घेण्याची व समाईक. संमतीची तार जोडलीच नव्हती; संगणकासही संमतीची वाट न पाहण्याची सूचना देऊन ठेवली होती. केबल बदलली, सूचना बदलली, आणि तक्ते पूर्ण पोहोचू लागले. आरोपपत्र मागे घेतले गेले. निलंबनकाळाचा पगार मिळविण्यास मात्र आणखी चार महिने भांडावे लागले.

आज घरात ते मोडेम राहिले नाहीत. परंतु वजनकाटे, मीटर व कारखान्यांतील यंत्रे यांत ही जोडणी अजून आढळते. म्हणून आमचे सांगणे एवढेच: आकडा हरवला, तर दोन्हीकडचा वेग पाहा, केबलीच्या तारा मोजा, संमतीची तार कोठे जाते ते तपासा. माणसाला जाब विचारावयाचा तो त्यानंतर.